श्वास कुठे घेतेस?

भाची चार दिवस राहायला आली होती. वय अकरा, गळा गोड आणि चिकाटी गळ्याहून दांडगी. माझं एक गाणं तिने फोनवर घेतलं होतं. शब्द माझे, चाल माझी, गायलेलंही मीच, म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं नाही. दोन दिवस इअरफोन कानात घालून ती ते बसवत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, एक हात पोटावर, गाल लाल. म्हणाली, “मावशी, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तू श्वास कुठे घेतेस?” मी म्हटलं, गाऊन दाखव. तिने खोल दम भरला, ओळ उचलली, सुरेल उचलली, आणि शेवटची चार अक्षरं राहिली असताना तिचा आवाज विझला. पुन्हा भरला दम, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी ती खाली बसली आणि माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, “तुझा दम केवढा मोठा आहे गं!” मी हसून म्हटलं, “सरावाने येतं.”

सरावाने येत नाही ते. कशानेच येत नाही.

ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि त्या गाण्याची फाइल काढली. मोठ्या आकारात पाहिली की ती ओळ एक नाही, तीन तुकडे आहेत. टेक म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचा एकेक प्रयत्न. पहिला अर्धा भाग नवव्या टेकमधला, एका मंगळवारी रात्रीचा. दुसरा अर्धा तेविसाव्या टेकमधला, चार दिवसांनंतरचा. तेव्हा सर्दी उतरत आली होती म्हणून आवाजाला थोडा जाडसर, मला आवडलेला रंग आहे. शेवटचं लांबवलेलं अक्षर चौदाव्या टेकमधलं, कारण तिथे सूर हलला नव्हता. दोन तुकड्यांच्या मध्ये मूळचा एक श्वास होता. तो मी कापला होता. का कापला तेही आठवलं. आवाजाला कम्प्रेसर लावला की मोठे भाग दबतात आणि मग सगळंच वर उचलताना बारीकसारीक आवाजही वर येतात. साधा घेतलेला श्वास हेडफोनमध्ये धाप लागल्यासारखा ऐकू येतो. मला तो खुपला. म्हणून काढला, आणि काढल्यावर पडलेलं भोक बुजवायला पुढचा तुकडा मागे सरकवला. सांध्यावर बारा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विझत असतानाच दुसरा चढवायचा. सांधा कुठे आहे हे मला ठाऊक असूनही कानाला सापडत नाही. एका दमात ती ओळ म्हणणारी बाई जगात कुठेही नाही, आणि त्या ओळीवर मी भलतीच खूश होते.

आता मुलीला काय सांगायचं?

बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्टुडिओत गेले ते आठवतं. तासावर पैसे. तीन तास घेतले होते आणि त्यात दोन गाणी बसवायची होती. त्याआधी महिनाभर घरी इतकी तालीम केली होती की शेजारच्यांनाही चाल पाठ झाली असावी. जाड दार मागे बंद झालं आणि कानात एकदम कापूस कोंबल्यासारखं झालं. गालिच्याचा जुनाट, दमट वास. इतकी शांतता की स्वतःची गिळलेली थुंकी ऐकू यावी. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, त्याच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ. ते घड्याळ मला दिसेल असं मुद्दाम लावलं होतं की काय कोण जाणे. टॉकबॅकवरून, म्हणजे त्याच्या बाजूच्या माइकवरून, त्याचा आवाज हेडफोनमध्ये यायचा, अगदी कवटीच्या आतून आल्यासारखा: “घेऊ या.” पहिल्याच टेकनंतर तो म्हणाला, “श्वास घेताना तोंड जरा बाजूला करा, माइकमध्ये येतोय.” म्हणजे श्वास लपवण्याची युक्ती काही सॉफ्टवेअरने आणलेली नाही. फक्त तेव्हा त्यासाठी मान वळवावी लागायची, आणि मान वळवायलाही वेळ लागतो. त्यामुळे श्वासाची जागा गाण्यात शिल्लक राहायची.

त्याच्याकडे तेव्हाच कॉम्प्युटर होता, सवयी मात्र टेपच्या. त्याचं सगळं शिक्षण रिळांवर झालेलं. दोन इंची टेपचं अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला ३० इंच या वेगाने फिरलं की सोळा-सतरा मिनिटांत संपतं. म्हणजे चार मिनिटांचं गाणं फार तर चार वेळा. रीळ महाग, म्हणून नवा टेक घ्यायचा तर बऱ्याचदा जुना पुसूनच. त्यामुळे टेक संपता संपता त्याचं ठरलेलं असायचं: हा ठेवायचा की पुसायचा. कॉम्प्युटर आला तरी तो तसाच वागायचा. “हा नको” म्हणायचा आणि उडवून टाकायचा. माझा जीव खाली-वर. दुसऱ्या गाण्यात पंचम केसभर उतरला होता. मी म्हटलं, अजून एक घेऊ या ना. त्याने घड्याळाकडे बघितलं, बाहेर थांबलेल्या पुढच्या पार्टीकडे बघितलं आणि म्हणाला, “चालेल, कुणाला कळत नाही.” खरंच कुणाला कळलं नाही. मला मात्र बावीस वर्षं त्या गाण्यात तेवढा एक पंचमच ऐकू येतो. त्यामुळे ते दिवस कसे छान होते असा सूर माझ्याकडून निघणार नाही. ते दिवस महाग होते.

घरात रेकॉर्डिंग शिरलं ते एका दिवसात नव्हे. लेस पॉल या गिटारवादकाकडे १९५७ साली अँपेक्सचं आठ ट्रॅकचं यंत्र आलं. आठ वेगवेगळे आवाज एकाच टेपवर एकापाठोपाठ चढवायचे, आणि तेही घरातच. तेव्हा ते एखाद्याने घरात विमान बाळगण्यासारखं असणार. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, बीटल्ससारखे लोकही लंडनच्या स्टुडिओत चारच ट्रॅकवर काम करत होते. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा उतरवलं की ढोल मोठा झाला म्हणून नंतर लहान करता येत नाही. निर्णय टेपवर गोंदला गेला. मग १९७९ मध्ये टास्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला: साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, टेबलावर मावेल एवढा. अमेरिकेतला मोठा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये त्यावर आपल्या बेडरूममध्ये काही गाणी नुसती नमुन्यादाखल गाऊन ठेवली. पुढे बँडला घेऊन ती नीट स्टुडिओत करून पाहिली, पण त्यात ती बात येईना, आणि शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून बाजारात आली. घरी गाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. सांगणारे एक विसरतात: त्याच्याकडे चारच ट्रॅक होते आणि तो ब्रूस स्प्रिंगस्टीन होता.

माझ्यापर्यंत हे सगळं पोचलं तेव्हा ते फुकट झालेलं होतं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतं, गॅरेजबँड २००४ पासून ॲपलच्या कॉम्प्युटरबरोबर यायला लागलं, आणि रीपरसारखी सॉफ्टवेअर ज्या किमतीत मिळतात त्या किमतीत मला त्या स्टुडिओत धड एक गाणंही करता आलं नसतं. माइक, तो कॉम्प्युटरला जोडणारा छोटा इंटरफेस, हेडफोन, झालं. पहिल्या रात्री इतकी अधीर झाले होते की कुठलंच मॅन्युअल न वाचता गायला बसले, आणि दोन ओळींत जीभ अडखळायला लागली. माझाच आवाज मला उशिरा ऐकू येत होता. आधी वाटलं झोप आलीय. नंतर कळलं, बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा साठा करतो तो, १०२४ वर होता. आवाज आत जाताना तेवीस मिलिसेकंद आणि बाहेर येताना तेवीस, म्हणजे मी गातेय इथे आणि ऐकतेय पंधरा-सोळा मीटर दूर उभी राहून. एखाद्या लांबलचक हॉलच्या दुसऱ्या टोकाला दुसरी मीच उभी आहे आणि माझी नक्कल करतेय, तसं. बफर १२८ वर आणला तशी ती जवळ आली, पण मग कॉम्प्युटरला दम लागून कडकड आवाज यायला लागला. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी एकही ओळ रेकॉर्ड केली नाही. स्वतःपासून किती अंतरावर उभं राहायचं एवढंच ठरवत बसले.

पुढचा धडा खोलीचा. स्टुडिओत कानात कापूस कोंबल्यासारखं वाटलं होतं, तोच कापूस आपण पैसे मोजून घेत होतो हे माइक घरी आल्यावर समजलं. कंडेन्सर माइक फार प्रामाणिक असतो. त्याला फ्रीज ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, तीन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं, आणि चार उघड्या भिंतींवर आपटून परत येणारा आपलाच आवाज. भिंतीवर फोमचे तुकडे चिकटवले. त्यांनी आतला वरच्या सुरांचा झणझणाट थोडा शोषला. कुत्र्याला काही फरक पडला नाही. शेवटी कपाट उघडून, दोन्ही दारांवर जाड पांघरुणं टाकून, लटकलेल्या कपड्यांत तोंड खुपसून गायला लागले. डांबरगोळ्यांचा वास, नाकाला हुळहुळणारी लोकरीची बाही, आणि पंखा बंद. तिसऱ्या ओळीला मानेवरून घाम. लोकांना ते गाणं फार हळवं वाटलं. गाणाऱ्या बाईला त्या वेळी फक्त बाहेर यायचं होतं.

याच सॉफ्टवेअरमध्ये जुन्या स्टुडिओतल्या यंत्रांच्या नकला मिळतात, आणि त्या दिसतातही हुबेहूब. पडद्यावर काढलेल्या बटणांची झालेली झीज, हलणारा काटा, कोपऱ्यात चार स्क्रू. त्या स्क्रूंनी काहीही कशाला जोडलेलं नाही. मला ते बघून प्रत्येक वेळी हसू येतं आणि प्रत्येक वेळी तेच बटण फिरवावंसं वाटतं. स्टुडिओतल्या जवळपास प्रत्येक वस्तूची नक्कल झाली आहे. टेपची घरघरसुद्धा मिळते. जी घालवण्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली ती आता निवडून टाकता येते. नक्कल झाली नाही ती काचेपलीकडे बसून “हा नको” म्हणणाऱ्याची.

आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. त्या गाण्याचे माझ्याकडे एकेचाळीस टेक आहेत. एकेचाळीस. चार मिनिटांचा एक, असे सगळे मिळून दीड जीबीही भरत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओला याहून जास्त जागा लागते. पुसायचं कारणच नाही, म्हणून पुसलं नाही. पुसलं नाही म्हणून निवडलं नाही. मग रोज रात्री मी ते ऐकायची. नवव्यात सुरुवात चांगली, चौदाव्यात शेवट चांगला, तेविसाव्यात जीव आहे पण ‘स’ फार शिट्टी मारतोय. पाचव्या वेळी ऐकताना कान चांगलं-वाईट सांगायचं थांबवतो आणि नुसती ओळख सांगायला लागतो: हं, हा तो. दहाव्या वेळी ‘तू’ हा शब्दच निरर्थक वाटायला लागतो. स्टुडिओत एक अधिक टेक घ्यायची परवानगी मिळेना म्हणून मी बावीस वर्षं कुरकुरले. ती परवानगी एकदाची मिळाली, तर मी एकेचाळीस टेक घेऊन बसले आणि कुठलाच पुरा ठेवला नाही.

सुरांचंही तेच. अँडी हिल्डेब्रँड नावाचे गृहस्थ आधी तेलकंपन्यांसाठी काम करायचे. जमिनीत आवाजाच्या लाटा सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून खाली काय आहे ते गणिताने काढायचं. तेच गणित गळ्याला लावून त्यांनी १९९७ मध्ये बेसूर जागा सुरात आणणारं ऑटो-ट्यून आणलं. या जातीचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, माझ्याकडेही आहे. पडद्यावर आपला आवाज रेघ होऊन दिसतो आणि मागे स्वरांच्या आडव्या पट्ट्या. बावीस वर्षांपूर्वीचा पंचम आठवून मी मोठ्या आशेने एक ओळ त्यात घातली. स्थिर सूर झटक्यात सरळ झाले, डोळ्यांत पाणी यावं इतके सरळ. पण त्या ओळीच्या शेवटी पंचमावरून गंधारावर उतरणारी मींड होती. रेघेत ती उतरणीच्या वाटेसारखी दिसत होती, मध्ये किंचित कमरेत वाकलेली. बटण दाबलं तशी त्या वाटेच्या पायऱ्या झाल्या. पंचम, टप्पा, मध्यम, टप्पा, गंधार. दुरुस्तीचा वेग कमी करता येतो, मींड तेवढी वगळताही येते, ते सगळं मी नंतर शिकले. पण ते चित्र डोक्यातून गेलं नाही: बरोबर असलेल्या दोन जागा, आणि त्यांच्यामध्ये असण्याची परवानगी नाही.

तरीही हे सॉफ्टवेअर नसतं तर मी गायले असते का? नसते. हे मला स्वच्छ कबूल आहे. दिवसाचे माझे तास माझे नव्हते. स्टुडिओ सकाळी अकराला सुरू होतो. माझी गाणी सुचायची घरातले सगळे झोपल्यावर. आणि लाज. काचेपलीकडे कुणी बसलेलं असताना मला कधी पूर्ण उघडा आवाज लावता आला नाही. कपाटात लागला. असे कितीतरी लोक असतील, ज्यांचा आवाज पहिल्यांदा कपाटात, जिन्याखाली, गाडीच्या मागच्या सीटवर लागला. अमेरिकन गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनीयस यांनी २०१९ चा ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ हा अल्बम आईवडिलांच्या घरातल्या छोट्या बेडरूममध्ये केला आणि पुढच्या जानेवारीत त्याला ग्रॅमीचा सगळ्यात मोठा मान मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्या कपाटवाल्यांना उगाचच आपलं बक्षीस वाटलं. पण त्या अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज तोलून एकत्र करणं, रॉब किनेल्स्की यांनी केलं, आणि मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात फिरवणं, जॉन ग्रीनहॅम यांनी. बहीण गात असताना समोर भाऊ बसलेला होता, आणि त्यानंतरही ताजे कान असलेली माणसं होती. बेडरूमची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिथे एकट्याने काम झालेलं नव्हतं, हे मात्र मागे पडतं.

मध्यंतरी तोच रेकॉर्डिस्ट एका कार्यक्रमात भेटला. स्टुडिओ त्याने केव्हाच सोडला. आता घरी बसून लोकांची गाणी मिक्स करतो. म्हणाला, फायली येतात, एकेका गाण्यात ऐंशी-ऐंशी ट्रॅक, आणि सगळ्यांची नावं ‘ऑडिओ एक’, ‘ऑडिओ दोन’. सहा-सहा व्होकल टेक जसेच्या तसे पाठवतात, सोबत चिठ्ठी: तुम्हाला योग्य वाटेल तो घ्या. मी गप्प बसले. मीही तेच करणार होते. मग म्हणाला, व्हायोलिनवाले फार दिवसांत भेटले नाहीत. पूर्वी आठ जण खुर्च्या ओढत, एकमेकांची चेष्टा करत यायचे, आता कीबोर्डच्या एका पट्टीवर आठही असतात आणि वेळेवर असतात. तो हसला नाही. त्याला मी त्या पंचमाबद्दल विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. त्याला काय आठवणार होता तो?

तर भाची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि ते तीन तुकडे दाखवले. हा मंगळवारचा, हा शनिवारचा, हा त्या दोघांच्या मधल्या एका दिवसाचा. कापलेला श्वासही अनडू करून ऐकवला. मला वाटलं होतं ती हिरमुसेल, किंवा ‘चीटिंग’ म्हणेल. तो शब्द मी रात्रभर मनात घोळवून त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं. तिने पडद्यावर बोट ठेवून तुकडे मोजले, थोडा विचार केला आणि विचारलं, “म्हणजे ही ओळ म्हणायला मला शनिवारपर्यंत थांबायचंय?” मला इतकं हसू आलं की माझं उत्तर तसंच राहिलं.

मग आम्ही दोघींनी जागा शोधली. मी सुचवलेली तिला पटेना. तिथे अर्थ तुटतो, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिने स्वतः तीन-चार ठिकाणी थांबून पाहिलं. एका ठिकाणी शब्द मधोमध कापला गेला, आम्ही दोघी ओरडलो, नको नको. शेवटी ‘वाट’ शब्दाच्या आधी, ठोका पडून गेल्यावर लगेच, एक चिंचोळी जागा सापडली. तिथे श्वास घ्यायचा तर आधीचं अक्षर लांबवता येत नाही, चटकन सोडावं लागतं. चाल बदलली. माझीच चाल, माझ्यादेखत. तिने वहीत त्या जागी पेन्सिलने एक बारीक उभी रेघ मारली आणि पुन्हा उभी राहिली, हात पोटावर.

माझ्याकडे त्या गाण्याची वही नाही. शब्द फोनमध्ये, चाल एकेचाळीस फायलींमध्ये. मी तिची वही ओढून घेतली आणि ती गात असताना उरलेल्या ओळींमध्ये मला कुठे कुठे रेघा मारता येतात ते पाहत राहिले. पहिल्या अंतऱ्यातच पाच निघाल्या.